लिव्हर ॲक्शन रायफलीवरील आधुनिक साइट व जोडसामग्री

चापाभोवतीची तरफ खाली-वर करून काडतूस भरणाऱ्या अमेरिकन रायफलींवर दुर्बीण, पीप साइट (छोट्या छिद्रातून नेम धरण्याचे साधन), रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साइट), रेल (साधने अडकवण्याची खाचांची पट्टी) इ. साधने बसवण्याची पद्धत. हेन्री (१८६०) व नंतरच्या विंचेस्टर रायफली मुख्यतः उघड्या साइटसाठी (नेम धरण्याच्या साध्या खुणांसाठी) घडवल्या होत्या. नळीवर मागे खाच आणि टोकाशी मणी. तथापि सुधारणेचा प्रारंभ विसाव्या शतकात झाला असे मानणे बरोबर नाही. विल्यम लायमन यांनी दस्त्याच्या मानेवर बसणाऱ्या छिद्राच्या साइटचे पेटंट १८७९ मध्येच घेतले होते.

रिकामे काडतूस कोठून बाहेर पडते, यावर दुर्बिणीची जागा ठरते. जॉन ब्राउनिंग यांनी आराखडा केलेल्या विंचेस्टर १८९४ या नमुन्यात ते रिसीव्हरच्या (यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या पेटीच्या) माथ्यातून वर उडते. दुर्बीण नेहमीच्या जागी, म्हणजे बरोबर वर बसवली, तर काडतूस तिच्या नळीवर आपटते व बोल्टमध्ये (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागात) अडकू शकते. यावर दोन तोडगे निघाले : दुर्बीण डाव्या बाजूला सरकवणे किंवा ती नळीवर पुढे नेणे. बाजूच्या माउंटमुळे दृष्टिरेषा नळीच्या मध्यरेषेपासून हटते, त्यामुळे एका अंतरावर जुळवलेला नेम दुसऱ्या अंतरावर आडवा चुकतो. शिवाय गाल दस्त्यावर नीट टेकत नाही. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी रिसीव्हरची उजवी भिंत उतरवून काडतूस तिरपे बाहेर फेकणारी सुधारित रचना आली, तेव्हा कोठे विंचेस्टरवर मध्यभागी दुर्बीण बसवणे सुकर झाले.

मार्लिन कंपनीने १८८९ च्या नमुन्यापासूनच बंद माथा व उजवीकडून निष्कासन (रिकामे काडतूस बाहेर फेकणे) स्वीकारले होते. सॅव्हेज १८९९ चेही निष्कासन बाजूनेच. मार्लिनच्या या रचनेमागे दुर्बिणीची दूरदृष्टी होती, असे काही लेखक सुचवतात. कंपनीच्या जुन्या जाहिरातींचा भर मात्र काडतूस तोंडावर न उडणे आणि पाऊस-बर्फ आत न शिरणे यांवर दिसतो, आणि त्या काळी शिकारी रायफलीवर दुर्बीण विरळाच असे. त्यामुळे दुर्बिणीची सोय हा आनुषंगिक लाभ समजणे अधिक सयुक्तिक वाटते.

दुर्बीण नळीवर पुढे बसवण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः अमेरिकन शस्त्रलेखक जेफ कूपर यांना व त्यांच्या १९८० च्या दशकातील ‘स्काउट रायफल’ (हलकी, आटोपशीर रायफल) या कल्पनेला दिले जाते. पण डोळ्यापासून दूर, नळीवर बसणारी अल्पवर्धनाची झेडएफ ४१ ही दुर्बीण जर्मन सैन्याने दुसऱ्या महायुद्धातच वापरली होती. तेव्हा कूपर यांना जनक म्हणण्यापेक्षा प्रसारक म्हणणे योग्य. लिव्हर ॲक्शनवर या मांडणीचा एक व्यावहारिक फायदा असा की माथा मोकळा राहतो व घोड्यापर्यंत (अंगठ्याने मागे ओढायच्या हातोडीपर्यंत) अंगठा सहज पोहोचतो. दुर्बीण मागे असेल, तर तिच्या नेत्रिकेखाली घोडा ओढणे अवघड जाते. म्हणून घोड्याच्या शेपटीवर आडवा खुंट स्क्रूने कसतात.

पीप साइटला अशी अडचण नाही. रिसीव्हरवरचे छिद्र डोळ्याजवळ येते आणि पुढच्या-मागच्या साइटमधील अंतर वाढते. परंतु ती मूळ साइटपेक्षा उंच बसत असल्याने गोळी वर लागू लागते व पुढचा मणी उंच घ्यावा लागतो. किती, याचा हिशेब सोपा आहे : साइटमधील अंतर ६० सेंमी. आणि १०० मी. वर गोळी १० सेंमी. उंच लागत असेल, तर मणी ०·६ मिमी.ने वाढवावा. कानस हाती घेणाऱ्याने आधी उंच मणीच बसवलेला बरा. घासून कमी करता येतो, वाढवता येत नाही.

पिकॅटिनी रेलला अमेरिकी लष्करी मानकाचे रूप १९९५ मध्ये मिळाले. रायफलीच्या माथ्यावर ती बसवली की रेड डॉट आणि दुर्बीण आलटून-पालटून लावता येतात. मार्लिन १८९५ एसबीएल या नमुन्यात कारखान्यातूनच लांब रेल व मोठ्या छिद्राची ‘घोस्ट रिंग’ येते. २०२० मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतल्यानंतरही, पुढील वर्षाच्या अखेरीस बाजारात आणलेला पहिला नमुना हाच होता. प्लास्टिकचे दस्ते व हातपकडीवरील एम-लॉक (जोडसामग्री थेट कसण्याच्या) खाचा असलेल्या काळ्या रायफली हीच दिशा दाखवतात. जुन्या अक्रोडी दस्त्याच्या चाहत्यांना त्या रुचत नाहीत.

इतर साधनांत दस्त्यावर दोरीने आवळलेली चामडी काडतूसपट्टी, गालासाठी उंचवटा, पट्ट्याच्या कड्या आणि रुंद वळशाची तरफ येतात. या तरफेचे समर्थन हातमोज्यांच्या सोयीने केले जाते, पण तिच्या लोकप्रियतेत अमेरिकन अभिनेते जॉन वेन यांच्या चित्रपटांचा वाटा मोठा आहे. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक असतात, मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, आघाताने पेट घेणाऱ्या टोपीला) टेकते व टोकदार गोळीने ती पेटण्याचा धोका असतो, म्हणून बोथट गोळ्याच वापरत. मऊ पॉलिमर टोकाच्या गोळ्या एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्यावर परिणामकारक पल्ला वाढला आणि दुर्बिणीची मागणीही.