ब्रिटिश राजघराण्याचे पोलीस संरक्षण

ब्रिटनचा राजा आणि राजघराण्यातील प्रमुख व्यक्तींच्या जिवाची जबाबदारी लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या शाही व विशेष संरक्षण शाखेकडे असते. राजवाड्यासमोर लाल डगले आणि अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या घातलेले सैनिक पर्यटकांच्या फोटोंत येतात. प्रत्यक्ष सोबत फिरतात ते साध्या वेशातले सशस्त्र पोलीस.

ही व्यवस्था मुख्यतः ठेचा खात खात शहाणी झाली आहे. २० मार्च १९७४ रोजी लंडनच्या 'द मॉल' रस्त्यावर इयन बॉल याने अपहरणाच्या हेतूने राजकन्या अ‍ॅन यांच्या मोटारीला आपली गाडी आडवी घातली. सोबत अंगरक्षक एकच, निरीक्षक जेम्स बीटन. त्यांचा पहिला बार चुकला, मग पिस्तूल अडकले. तीन गोळ्या लागूनही ते मागे हटले नाहीत. राजकन्येनेही गाडीतून उतरायला साफ नकार दिला. बीटन यांना जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळाले आणि बंदोबस्त वाढला.

तरीही ९ जुलै १९८२ च्या सकाळी मायकल फेगन भिंत ओलांडून बकिंगहॅम राजवाड्यात शिरला आणि थेट राणी एलिझाबेथ यांच्या शयनगृहात पोहोचला. धोक्याची घंटा वाजली होती. ती बिघडली असावी असे समजून पोलिसाने बंद केली! दाराबाहेरचा रात्रपाळीचा पहारेकरी निघून गेला होता. राणींनी फोन करूनही पोलीस लगेच आले नाहीत. नुसते असे घुसणे त्या काळी फौजदारी गुन्हा नव्हते. २००५ च्या एका कायद्याच्या आधारे पुढे शाही वास्तूंत बेकायदा शिरणे गुन्हा ठरले. २०२१ च्या नाताळात विंडसरच्या शाही किल्ल्याच्या आवारात यांत्रिक धनुष्य घेऊन शिरलेल्याला मात्र पोलिसांनी वेळीच अडवले. त्याला १८४२ च्या राजद्रोह कायद्यानुसारही दोषी ठरवून नऊ वर्षांची शिक्षा झाली.

संरक्षण कोणाला आणि किती, हे गृहखात्याच्या छत्राखालील 'रावेक' ही समिती ठरवते. राजाचा मुलगा म्हणून पहारा आपोआप मिळत नाही. धोका आणि सार्वजनिक कर्तव्ये दोन्ही पाहिली जातात. प्रिन्स हॅरी शाही कामातून बाहेर पडल्यावर २०२० मध्ये त्यांचे कायमचे संरक्षण काढून प्रत्येक भेटीपुरता वेगळा निर्णय घेण्याचे ठरले. त्याविरुद्धचे त्यांचे अपील मे २०२५ मध्ये फेटाळले गेले. पदरचे पैसे भरून पोलीस घेण्याची मुभाही त्यांना मिळाली नाही. एकूण खर्च सरकार जाहीर करत नाही. आकड्यावरूनही बंदोबस्ताचा अंदाज बांधता येतो, असे त्याचे कारण दिले जाते.