‘मुलाखत कोणाची आलीय?’ : तुरुंगातल्या संशोधनाची पार्श्वभूमी

जेलच्या फाटकाबाहेर सकाळी पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांना विचारा, कशाला आलात? उत्तर एकच, ‘मुलाखतीला.’ तुरुंगाच्या बोलीत मुलाखत म्हणजे नातेवाइकाची भेट. नाव नोंदवायचं, आधार कार्ड दाखवायचं, पुकारा होईपर्यंत थांबायचं आणि मिळतील तेवढ्या मिनिटांत घरचं सगळं सांगून टाकायचं. त्यामुळे समाजकार्याचा विद्यार्थी वही घेऊन आत जातो आणि ‘तुमची मुलाखत घ्यायची आहे’ म्हणतो, तेव्हा समोरचा आधी विचारतो, ‘कोण आलंय?’

पुस्तकात या मुलाखतीला अर्धसंरचित म्हणतात. हातात आठ-दहा मुद्द्यांची यादी असते, पण क्रम आणि शब्द ठरलेले नसतात, आणि समोरच्याने वेगळी वाट धरली तर आपणही त्या वाटेने जायचं असतं. तुरुंगावरच्या प्रबंधांत आज हीच पद्धत सर्रास दिसते. ती तिथवर कशी आली, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर किती भिस्त ठेवायची ते कळत नाही.

सुरुवातीला कैद्याला विचारायची पद्धतच नव्हती. इंग्लंडमध्ये जॉन हॉवर्ड १७७३ साली बेडफर्डशरचा शेरीफ झाला, म्हणजे परगण्याचा तुरुंग ज्याच्या अखत्यारीत येतो तो अधिकारी, आणि त्यानंतर तुरुंगामागून तुरुंग पाहत फिरला. कोठडीची लांबी-रुंदी, पावाचं वजन, जेलर कैद्यांकडून कोणकोणते पैसे उकळतो, असं सगळं त्याने टिपलं आणि १७७७ साली छापलं. आतली हवा इतकी कुबट असायची की टिपणवही तासभर शेकोटीसमोर उघडी ठेवल्याशिवाय वापरता येत नसे, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तुरुंग कसा आहे ते त्याच्याकडून नेमकं कळतं. आतल्या माणसाला तो कसा वाटतो, ते मात्र त्या वहीत फारसं नाही.

ती बाजू पुढे आली ती शिकलेले लोक कैदी झाले तेव्हा. आपल्या खान्देशात याचं ठळक उदाहरण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार गीतेचे अठरा अध्याय सांगितले आणि समोर बसून साने गुरुजींनी ते लिहून घेतले. गीता प्रवचनं आपण विनोबांची म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. तरी पद्धतीच्या अंगाने पाहा: यंत्र नाही, बोलणारा थांबत नाही, आणि कागदावर उतरतं ते लिहिणाऱ्याच्या कानाला आणि हाताला झेपेल तेवढं. तिथे लिहिणारा गुरुजींच्या तोडीचा होता म्हणून निभावलं. आजही संशोधकाला आत रेकॉर्डर सहसा नेऊ देत नाहीत. बाहेर येऊन, टपरीवर चहा थंड होऊ देत, आठवेल तसं लिहून काढावं लागतं, आणि आपण काही साने गुरुजी नव्हे.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. सत्याग्रहींचं तुरुंगातलं बोलणं जपलं गेलं. पण चोरी-दरोड्याच्या कलमाखाली आत गेलेल्या भिल्लाचं, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतल्या माणसाचं काय उरलं? रजिस्टरातलं नाव, कलम, शिक्षा, वजन. प्रश्न त्यालाही विचारले गेले, पण ते पोलिसांनी. त्याला म्हणतात जबाब. तो कायदा १९५२ साली गेला, जबाबाची धास्ती मात्र राहिली. म्हणून तुरुंगात कागद-पेन घेऊन प्रश्न विचारणारा माणूस कैद्याच्या मनात आधीच एका खुर्चीवर बसलेला असतो, आणि ती खुर्ची संशोधकाची नसते.

मुद्द्यांची यादी हातात ठेवून मोकळं बोलू द्यायचं, ही कल्पना मुळात तुरुंगातली नव्हेच. नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्डने आपल्या सहकारी रॉबर्ट मर्टनला एक प्रयोग दाखवायला नेलं. श्रोते रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत होते. आवडलं की हिरवं बटण दाबायचं, नाही आवडलं की लाल. मग त्यांना कारणं विचारायची. मर्टनच्या लक्षात आलं की प्रश्न विचारणाराच नकळत उत्तराकडे ढकलतोय. त्यातून त्याने पॅट्रिशिया केंडलबरोबर १९४६ साली ‘केंद्रित मुलाखती’वर लेख लिहिला. विषय ठरलेला, पण बोलणाऱ्याला मोकळीक. आजच्या अर्धसंरचित मुलाखतीची एक मोठी मुळी तिथली आहे.

तुरुंगाचे अभ्यासक तोवर वेगळ्या वाटेने चालले होते. अमेरिकेत डोनाल्ड क्लेमर तुरुंगाच्याच नोकरीत होता. वर्षानुवर्षं आत वावरून त्याने १९४० साली तुरुंगाची एक वेगळी वस्ती म्हणून मांडणी केली. ग्रेशम सायक्सने १९५८ साली न्यू जर्सीच्या तुरुंगावर लिहिताना बंदिवासाची वेदना पाच वंचनांत सांगितली: स्वातंत्र्य, वस्तू, स्त्री-सहवास, स्वतःचं स्वतः ठरवणं आणि सुरक्षितता. ही कामं मुख्यतः राहून, पाहून झाली. पुढे आत राहणंच अवघड होत गेलं. इंग्लंडमध्ये स्टॅन्ली कोहेन आणि लॉरी टेलर डरहॅमच्या तुरुंगात लांब शिक्षेच्या कैद्यांना शिकवायला जात. तिथल्या गप्पांतून त्यांनी १९७२ साली पुस्तक काढलं, पण पुढच्या अभ्यासाला सरकारी खात्याने मोडता घातला. मग तासाभराची परवानगी मिळते आणि तासाभरात बसते ती मुलाखत! तुरुंगातल्या प्रबंधांत ही पद्धत एवढी का दिसते, याचं मोठं कारण माझ्या मते हे फाटक आहे. पद्धतीचे गुण आपण मागाहून सांगत बसतो.

आपल्याकडे १८९४ चा तुरुंग कायदा, १९८० च्या दशकातली तुरुंग सुधारणांसाठीची मुल्ला समिती आणि १९९५ पासून दरवर्षी येणारी तुरुंगांची आकडेवारी, एवढा कागद आहे. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे बोलीतले कच्चे कैदी. हा आकडा आपल्या पद्धतीच्या मुळावर येतो. खटला चालू असलेल्या माणसाला ‘इथे कसे आलात?’ असा साधा प्रश्नही विचारायची सोय नाही. वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवायचं कायद्याचं संरक्षण आहे, संशोधकाच्या वहीला तसं नाही. त्यात २०१५ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने संशोधन, लेख, चित्रीकरण यांसाठी बाहेरच्यांना सहसा आत सोडू नये असं राज्यांना कळवलं आणि परवानगी दिलीच तर १ लाख रुपये अनामतीची अट सुचवली.

आता माझा अनुभव. एका जिल्हा तुरुंगात, एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधासाठी. माझ्या यादीत प्रश्न होता: ‘कुटुंबाशी आपला संपर्क कशा प्रकारे टिकून आहे?’ शिरपूरकडचा माणूस, माझ्याच वयाचा. ताठ बसून म्हणाला, ‘साहेब, सर्व व्यवस्थित आहे.’ अगदी अर्ज लिहितात तसं मराठी. शिपाई दाराशी, बराकीतला आणखी एक जण बाकावर, त्याची पाळी यायची होती. मी यादी पालथी घातली आणि विचारलं, ‘भाऊ, तुले भेटाले कोन येस?’

तो हसला, आणि मग अर्धा तास थांबलाच नाही. माय येते, दर महिन्याला येते, पाड्यावरून पायी फाट्यापर्यंत, मग एस.टी., कापूस वेचणीचा रोज बुडतो, एकदा आधार कार्ड घरी राहिलं तर फाटकावरूनच परत गेली. मी बाहेर येऊन घाईघाईने सगळं लिहिलं. खूश होतो. यादी सोडली, बोली धरली आणि माणूस उघडला, असं प्रकरणात लिहायचंही ठरवून टाकलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. त्या दिवशी बाकावर कोणी नव्हतं. तो म्हणाला, ‘मांगे काय लिखं ते वाची दखाड.’ मी वाचलं. ‘दर महिन्याला’ आलं तिथे त्याने हात वर केला.

वर्षात दोनदाच आली होती. एस.टी.चं, आधार कार्डाचं, बुडालेल्या रोजाचं सगळं खरं होतं, फक्त त्या दोन वेळांचं. त्या दिवशी बराकीतला माणूस ऐकत होता, आणि ज्याची मुलाखत येत नाही त्याला आत कोणी मोजत नाही. शिपायाचं त्याला काही नव्हतं. मी दारातल्या शिपायाची काळजी करत बसलो होतो, बाकाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

त्याच्यासमोरच ‘दर महिन्याला’ खोडलं आणि वर ‘दोनदा’ लिहिलं. पाड्याचं नावही त्याने काढायला लावलं.