पंधराव्या वर्षी सकाळ उशिरा होते

नौपाड्यात माझ्या बहिणीच्या घरी सकाळी सहाला जे चालतं, ते ठाण्यातल्या कितीतरी घरांत चालत असणार. साडेचार वर्षांची ईरा कुणी न उठवता उठलेली असते आणि हॉलमध्ये बाहुलीला चहा पाजत असते. तिचा दादा सोहम, वय पंधरा, दहावीत, पांघरूण डोक्यावरून ओढून पडलेला. त्याची शाळा सात दहाची, तिची साडेनऊची. बहीण दर पाच मिनिटांनी हाका मारते. शेवटी आजी दारात येऊन म्हणते, "लवकर निजे, लवकर उठे. एवढं साधं जमत नाही का रे तुला?"

मला दर वेळी वाटतं, या दोघांच्या शाळेच्या वेळांची अदलाबदल झाली तर किती बरं होईल. मावशीची माया म्हणून हे सोडून देऊ नका, त्यामागे शरीरशास्त्र आहे.

मूल दरवर्षी थोडं थोडं मोठं होतं, पण आत तेच असतं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. गेल्या मे महिन्यात मी ईरासमोर दोन सारख्या ग्लासांत सारखं कोकम सरबत ओतलं. तिने वाकून, डोळे ग्लासाच्या पातळीला आणून पाहिलं. "सारखं." मग दादाच्या ग्लासातलं सरबत एका उंच, निमुळत्या ग्लासात ओतलं. तिचा चेहरा पडला. "मावशी, दादाला जास्त का दिलंस?" परत पहिल्या ग्लासात ओतलं, तर सारखं. पुन्हा उंच ग्लासात, पुन्हा दादाला जास्त. रडू अगदी ओठांवर आलं होतं, म्हणून थांबले.

हा प्रयोग स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांचा. या वयाचं मूल एका वेळी एकच गोष्ट धरतं. इथे उंची. ग्लास अरुंद आहे, हे तिला दिसतं, पण उंचीशी जोडता येत नाही. साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास हीच मुलं "त्यात काय, तेच तर ओतलंस" म्हणतात. ते कुणी शिकवावं लागत नाही.

पियाजेंचं सगळंच टिकलं असं नाही. १९७०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी सरबताऐवजी चकत्यांच्या दोन सारख्या रांगा घेतल्या. मोठ्या माणसाने एक रांग पसरवली की मुलं तिच्यात जास्त चकत्या आहेत म्हणत. तेच काम एका खोडकर टेडी अस्वलाने 'चुकून' केलं की खूप जास्त मुलं बरोबर उत्तर देत. मोठ्या माणसाने मुद्दाम रांग हलवून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, म्हणजे काहीतरी बदललं असणार, असा अंदाज मुलं बांधत असावीत. बालवाडीच्या प्रवेशाआधी लेकराला समोर बसवून "नीट बघून सांग" म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, असं मला फार मनापासून वाटतं.

पहिली ते सहावीचा काळ त्यामानाने शांत. उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरने वाढते, दुधाचे दात पडतात, अक्षरं जुळवत वाचणारं मूल समजून घेण्यासाठी वाचू लागतं. मग वयात येणं सुरू होतं. मुलींची उंची मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढते, म्हणून सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली उंच दिसतात.

मेंदूचा आकार सहाव्या वर्षीच मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. पुढची सगळी वर्षं आतल्या जोडण्यांच्या कामात जातात. न वापरलेल्या जोडण्या छाटल्या जातात, वापरातल्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढतं आणि संदेश वेगाने धावतात. कपाळामागचा भाग, जिथे थांबून विचार करणं आणि मोह आवरणं चालतं, तो सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत पक्का होतो. २००५ साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी मुलांना संगणकावर गाडी चालवायला दिली. १३ ते १६ वर्षांची मुलं मित्र शेजारी असले की एकटी असताना घेत त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. चोवीस वर्षांवरच्या मंडळींत असा फरक दिसला नाही. घोडबंदर रोडवर दुचाकीवर तिघं बसलेली पोरं दिसली की माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळेच.

आता झोप. रात्र झाली की मेंदूतून मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक पाझरू लागतं आणि डोळे जड होतात. वयात येताना हे घड्याळच मागे पडतं, म्हणजे झोप उशिरा येते. शिवाय झोपेचा दाब, म्हणजे दिवसभर जागं राहून साठत जाणारी झोपेची गरज, तीही या वयात सावकाश साठते. मोबाइलच्या उजेडाने त्यात भर पडते, पण मोबाइल काढून घेतला तरी सोहमला दहाला झोप लागेलच असं नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. क्लासवरून नऊला घरी येऊन, जेवून, साडेअकराला झोपलेला मुलगा सहाला उठला तर साडेसहाच तास झाले. जे तास कापले जातात ते पहाटेचे, स्वप्नांच्या झोपेने भरलेले.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. लहानग्यांची झोप जपली हे चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर मागे पडतं त्या आठवी-दहावीच्या मुलांचा त्यात समावेश नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला सुरू केल्या. मुलं त्यामुळे रात्री आणखी जागतील ही भीती होती. प्रत्यक्षात त्यांची रोजची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून साडेआठच्या आधी हायस्कूल भरवायला कायद्यानेच मनाई आहे.

ठाण्यात एकाच इमारतीत दोन सत्रं चालतात, बसगाड्या मोजक्या, शिक्षकांचा प्रवास लांबचा, हे मला कळतं. कोणतं सत्र कुणाला द्यायचं, हे मात्र ठरवता येतं.

बहिणीने तिच्या हातात होतं तेवढं केलं. पहाटे पाचचं पाठांतर बंद केलं आणि रात्रीच्या क्लासऐवजी संध्याकाळी साडेसहाची बॅच घेतली. परवा रविवारी मी गेले तेव्हा साडेनऊ वाजले होते. आजी स्वयंपाकघरात भांडी आवाज न करता लावत होती. ईरा दारात बोट ओठांवर ठेवून उभी. "मावशी, हळू बोल. दादाची अजून रात्र आहे."