आशाताई आणि अंगणवाडीताई: दार एक, खाती दोन

बाळंतिणीच्या घरी एक ताई येते, बाळाचं वजन करते, वहीत लिहून जाते. काही दिवसांनी दुसरी येते, तीही वजन करते, तीही लिहून जाते. घरच्यांच्या लेखी दोघी ‘सरकारी ताई’. शहरात तर आणखी गोंधळ. मोर्चाची बातमी आली की त्यात आशा होत्या की अंगणवाडी सेविका, हे बातमी वाचणाऱ्यालाही धड आठवत नाही.

अंगणवाडी जुनी. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासूनची. खातं महिला व बालविकासाचं. साधारण 400 ते 800 लोकवस्तीला एक केंद्र, तिथे एक सेविका आणि एक मदतनीस. या कामाला जागा लागते. एक खोली, तीन ते सहा वर्षांची मुलं, त्यांचा गरम आहार, बडबडगीतं, वजनकाटा. त्याहून लहान मुलांना आणि गरोदर व स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार मिळतो. वर्षातले 300 दिवस आहार द्यायचा, असा नियम आहे.

आशा आली 2005 मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर. खातं आरोग्याचं. हजार वस्तीमागे एक, आणि बाई त्याच गावची हवी, ही अट. तिला खोली नाही. घरोघर फिरणं हेच तिचं काम: गरोदर बाईची नोंद लवकर करून घेणं, तपासणीला नेणं, रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर गाडीत शेजारी बसून दवाखान्यापर्यंत जाणं.

वजन दोघी करतात, पण वेगवेगळ्या कारणासाठी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. ती झोळीत घालून बाळाचं वजन करते, काखेत थर्मामीटर धरते आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट बाळाची छाती किती वेळा वरखाली होते ते मोजते. श्वास 60 किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे. पुन्हा तेवढेच आले, तर बाळाला दवाखान्यात न्यायचं. गावातली साधी बाई हे शिकू शकते आणि त्याने बाळं वाचतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं. देशभरातल्या आशांच्या या भेटींमागे ते काम आहे. अंगणवाडी सेविका वजन करते ते महिन्यामहिन्याची वाढ बघायला. वयाच्या मानाने आलेख वर जातोय, थबकलाय की खाली येतोय, यावर तिची नजर.

माझ्या मते खरा फरक मात्र पैशात आहे. सेविकेला महिन्याचं मानधन मिळतं. आशेच्या उत्पन्नाचा एक भाग कामागणिक मोबदल्यावर चालतो. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की 250 रुपये, बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की 100, असं दरपत्रक. ज्या कामाला दर आहे ते कागदावर नीट दिसतं. तासभर बसून एखाद्या सासूची समजूत काढली, तर त्याला कुठला रकाना? 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. तो आशांबद्दल नव्हता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. सन्मान मिळाला, ग्रॅच्युइटी नाही.

दोघींची गाठ पडते ती महिन्यातल्या लसीकरणाच्या दिवशी, बहुधा अंगणवाडीतच. कुणाची लस राहिलीय त्याची यादी आशेकडे असते, ती घरोघर सांगावा देते. सेविका जागा, काटा, आहार सांभाळते. सुई टोचते ती तिसरीच, उपकेंद्राची आरोग्य सेविका, म्हणजे नर्सबाई. ‘अंगणवाडीत लस देतात’ हे खरं, पण अंगणवाडीताई लस देत नाही.

या तिघींचं जुळतं की नाही हे कळतं तीव्र कुपोषित मूल सापडलं की. सेविकेने दंडाला पट्टी लावली आणि घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला, तर पट्टीचा लाल भाग दिसतो. मग आरोग्य विभागाकडून तपासणी, भूक चाचणी. मूल खातंय आणि दुसरा आजार नाही, तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात आहार. खात नाही किंवा दोन्ही पायांवर सूज आहे, तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. आई लगेच निघत नाही. घरी आणखी दोन लेकरं, रोजची मजुरी. बुडीत मजुरी मिळते हे तिला सांगायचं आणि तिला गाडीत बसवायचं काम बहुतेक वेळा आशेकडे येतं. मूल घरी आल्यावर पुढचं वजन सेविकेकडे. एकीने दुसरीला निरोप दिला नाही, की मूल मधल्यामधे राहतं.

आणि निरोप राहतोच. सेविकेच्या वर मुख्यसेविका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी. आशेच्या वर गटप्रवर्तक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. दोन्ही वाटा जिल्हा परिषदेतच पोचतात, पण वेगळ्या विभागांत. सेविका मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरते, आरोग्य खात्याची नोंद वेगळ्या पोर्टलवर. एकाच बाळाची दोन वजनं दोन ठिकाणी, आणि ती कुणी ताडून बघितलीच तर नशीब.

बीडकडचं कुटुंब दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालं, की ही फट रुंदावते. गावच्या दोन्ही याद्यांत मूल आहे, कारखान्याच्या तळावरच्या यादीत नाही. तिथल्या ताईंना ते दिसलं तर दिसलं. अशा वेळी कामाला येतं ते माता व बाल संरक्षण कार्ड. लसी, वजनाचा आलेख, तपासण्या, दोन्ही खात्यांची माहिती त्या एकाच कागदावर. निघताना कपड्यांच्या गाठोड्यात ते घ्यायचं आणि तळावर कोप, म्हणजे राहायचं खोपट, टाकला की जवळच्या अंगणवाडीत दाखवायचं. आहार आणि वजनाचं तिथली सेविका बघेल, लस आणि दवाखान्यासाठी तिलाच विचारायचं, ‘इथली आशा कोण?’