जुन्या स्केटबोर्डांचे लाकूडकाम

मोडलेल्या, झिजलेल्या स्केटबोर्डच्या फळ्या एकमेकींवर चिकटवून त्या ठोकळ्यातून अंगठ्या, पेन, वाट्या किंवा शिल्पे घडवण्याची हस्तकला. फळी सहसा कठीण मेपलच्या सात व्हिनियरांची, म्हणजे लाकडाच्या पातळ थरांची असते. बहुतेक थरांचे रेषे लांबीच्या दिशेने, साधारण दोघांचे आडवे. जाडी सुमारे ११ मिमी. काही थर कारखान्यातच रंगवलेले असल्याने फळी कापली की कडेला गुलाबी, हिरवे, निळे पट्टे दिसतात. या कलेचे भांडवल तेच.

टोकियोचे शिल्पकार हारोशी (जन्म १९७८) यांची शिल्पे या माध्यमातली सर्वांत परिचित. ते शिल्पाच्या आत स्केटबोर्डचा तुटका धातूचा भाग दडवतात. बुद्धमूर्तीत हृदयाच्या जागी स्फटिकगोल ठेवणारे मूर्तिकार उनकेई ही त्यामागची प्रेरणा.

सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे सफाई. वरचा ग्रिपटेप, म्हणजे पाय घसरू नये म्हणून चिकटवलेली खरखरीत पट्टी, हीट गनने किंवा हेअर ड्रायरने तापवून पुट्टीच्या पात्याने सावकाश सोलतात. त्यावरची सिलिकॉन कार्बाइडची खर फळीवर राहिली तर करवतीची धार पाहता पाहता जाते. खालचे चित्र बहुधा प्लास्टिकच्या पातळ थरावर असते. ते ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण घासावे लागते. वार्निशवर किंवा प्लास्टिकवर डिंक धरत नाही. ठोकळा लेथवर फुटतो तो बहुतेक वेळा इथल्या आळसामुळे.

दुसरी अडचण खोलगटपणाची. वर वळलेली दोन्ही टोके कापून बाजूला ठेवतात. मधल्या भागातून ४-५ सेंमी रुंद उभ्या पट्ट्या काढल्या की बाक बराच कमी होतो; उरलेला रंध्याने किंवा सँडरने काढतात. रंधा खोल लावला तर आडव्या रेषांचा थर उचकटतो. वाकडी पट्टी शिकंज्याच्या जोरावर सरळ करू नये. शिकंजा सुटला की ती पुन्हा वळते आणि सांधा उघडतो.

घासल्यावर एका पट्टीची जाडी ९ मिमी धरली, तर ६३ मिमी उंच वाटीला सात पट्ट्या लागतात. मोठ्या वाटीसाठी आधी पट्ट्या शेजारी-शेजारी जोडून रुंदी वाढवतात. दोन्ही पृष्ठांवर फेव्हिकॉलसारखा लाकडाचा डिंक पातळ, सारखा पसरून ठोकळा २४ तास शिकंज्यात ठेवतात. डिंक कडेने थेंबाथेंबाने बाहेर आला तर प्रमाण बरोबर. ट्रकच्या (चाके बसवलेल्या धातूच्या जोडाच्या) बोल्टांची आठ भोके टाळावीत किंवा मेपलच्या खुंट्यांनी बुजवावीत.

नक्षी कापाच्या कोनावर ठरते. थरांना काटकोनात कापले तर बारीक सरळ रेघा, तिरके कापले तर रुंद पट्टे. वाटीच्या वळणावर हेच थर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे फिरतात. थरांना समांतर घासले मात्र एकच रंग हाती लागतो.

सिलिकॉन कार्बाइड आणि मेपल दोन्हींची धूळ फुप्फुसांना वाईट. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो. शेवटी २४०, ४०० नंबरचा कागद फिरवून तेल किंवा लॅकर लावतात. स्पिरिटमधले पॉलिश काही थरांचा रंग शेजारच्या पांढऱ्या मेपलवर उतरवते, म्हणून आधी तुकड्यावर लावून पाहतात.