बातमीतलं 'लक्षणीय' म्हणजे नक्की किती?

'अमुक औषधाने रक्तदाबात लक्षणीय घट' अशी बातमी वाचली की आपण समजतो बराच उतरला असणार, निदान जाणवण्याइतका तरी. आणि मग कुणी मूळ शोधनिबंध उघडून बघितला तर तिथे कधीकधी घट असते १ मिमी पारा. एक! पाच मिनिटांनी परत मोजला तरी याहून जास्त फरक येतो. मग बातमी देणारा खोटं बोलला का, तर तसंही नाही, निबंधात 'सिग्निफिकंट' असंच छापलेलं असतं आणि ते बरोबरही असतं. घोळ असा की संख्याशास्त्रातला सिग्निफिकंट आणि रोजच्या इंग्रजीतला सिग्निफिकंट यांचं फक्त स्पेलिंग सारखं आहे.

असे शब्द विज्ञानात ढिगाने सापडतात. खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळं मेटल, ऑक्सिजनसुद्धा, केमिस्ट्रीवाल्याने ऐकलं तर कपाळाला हात लावेल. केमिस्ट्रीत ऑरगॅनिक म्हणजे कार्बनची संयुगं, त्यामुळे कित्येक कीटकनाशकंही तिथे ऑरगॅनिकच (जाहिरातीतल्या ऑरगॅनिकला भुलणाऱ्यांनी नोंद घ्यावी). पॉवर फिजिक्समध्ये वॅटमध्ये मोजतात, गणितात तो घातांक असतो आणि चष्म्याचा आणखी वेगळा. पण हे शब्द फारसे फसवत नाहीत, कारण आजूबाजूच्या वाक्यावरून कळतं कुठला अर्थ आहे ते. सिग्निफिकंटचा त्रास हा की दोन्ही अर्थ त्याच वाक्यात चपखल बसतात, त्यामुळे चुकीचा घेतला तरी काही खटकतच नाही.

तर संख्याशास्त्रातला अर्थ काय? एक नाणं १० वेळा उडवलं आणि ९ वेळा छापा आला. नाण्यात खोट आहे का? १० नाणेफेकींचे एकूण १०२४ प्रकारचे निकाल लागू शकतात. त्यात ९ किंवा १० छापे येणारे ११, आणि उलट्या बाजूने ९ किंवा १० काटे येणारेही ११. म्हणजे नाणं सरळ आहे असं धरलं तरी इतका टोकाचा निकाल निव्वळ योगायोगाने लागण्याची शक्यता १०२४ मध्ये २२, साधारण २.१ टक्के. हीच ती पी-व्हॅल्यू. ती ५ टक्क्यांच्या खाली गेली की सिग्निफिकंट म्हणायचं. ८ छापे आले असते तर तीच शक्यता १०.९ टक्के झाली असती, म्हणजे नॉट सिग्निफिकंट. ही ५ टक्क्यांची रेषा काही निसर्गाने आखलेली नाही, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात २० मध्ये १ ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली आणि मग ती सगळीकडे चिकटली ती चिकटलीच.

आता बघा, नाणं किती वाकडं आहे हे या सगळ्यात कुठेच आलेलं नाही. आणि खरी गंमत इथून पुढे आहे.

समजा नाणं जरासंच वाकडं आहे, छापा ५० ऐवजी ५१ टक्के वेळा येतो. १०० वेळा उडवलं तर सरळ नाण्यातही ५ इकडेतिकडे होतातच, त्यात तो १ जास्तीचा छापा कुठल्या कुठे हरवतो. १०,००० वेळा उडवलं तर छापे साधारण ५१००, म्हणजे १०० जास्त, आणि सरळ नाण्याची नेहमीची चढउतार फक्त ५०. म्हणजे जास्तीचे छापे चढउतारीच्या दुप्पट झाले, पी-व्हॅल्यू ४.६ टक्क्यांच्या आसपास, सिग्निफिकंट! १० लाख वेळा उडवलं तर १०,००० छापे जास्त आणि चढउतार ५००, म्हणजे वीसपट, आता तर शंकेला जागाच नाही. नाणं मात्र तेच, वाकडेपणा तोच एक टक्का.

असं का होतं? जास्तीचे छापे फेकींच्या संख्येच्या प्रमाणात वाढतात पण योगायोगाची चढउतार वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. प्रत्येक फेक बेरजेला थोडी वर किंवा थोडी खाली ढकलते आणि हे धक्के बऱ्याच अंशी एकमेकांना खातात. बेरीज होते ती धक्क्यांच्या वर्गांची, दर फेकीला पाव, म्हणून १०,००० फेकींना २५००, त्याचं वर्गमूळ ५०. (इथे डोकं गरगरलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा की नमुना पुरेसा मोठा केला की कितीही फालतू फरक सिग्निफिकंट होतो.)

औषधाचंही हेच. रुग्णारुग्णात १५ मिमीची तफावत धरली आणि दोन्ही गटांत ५०-५० रुग्ण घेतले तर सरासऱ्यांतल्या फरकाला ३ मिमीची चढउतार असते, त्यात १ मिमी दिसणारच नाही. गटात ५००० रुग्ण घेतले की चढउतार ०.३ वर येते आणि तोच १ मिमी झळाळून उठतो.

शिवाय योगायोग नाही म्हणजे खरंच आहे असंही नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या भौतिकशास्त्रातल्या प्रयोगात न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतचे ७३० किमी प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचलेले दिसले, आणि तेही ६ सिग्माने, म्हणजे फरक नेहमीच्या चढउतारीच्या सहापट, योगायोगाची शक्यता नगण्य. शेवटी मुख्य दोष निघाला तो नीट न बसलेल्या एका फायबर ऑप्टिक केबलचा.

आणि उलट, योगायोगाला पुरेशा संधी दिल्या की तो हमखास हात दाखवतो. काहीच परिणाम नसलेल्या २० गोष्टी तपासल्या तर त्यातली किमान एक सिग्निफिकंट निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. १९८८ साली हार्ट अटॅकच्या १७,१८७ रुग्णांवरची आयसिस-२ ही चाचणी प्रसिद्ध झाली, ॲस्पिरिनने मृत्यू जवळपास २३ टक्क्यांनी कमी झाले होते. उपगट पाडून बघितलं की काय होतं हे दाखवायला संशोधकांनी मुद्दाम राशीप्रमाणे गट पाडले, तर मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिनने उलट किंचित अपायच झालेला दिसला! हे त्यांनी थट्टा म्हणून छापलं, आपल्याकडचे ज्योतिषी मात्र असा तक्ता मिळाला तर फ्रेम करून लावतील.

म्हणून लक्षणीय शब्दाऐवजी कॉन्फिडन्स इंटरव्हल शोधावा, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला. वरच्या ५००० वाल्या चाचणीत तो ०.४ ते १.६ मिमी येईल, म्हणजे परिणाम आहे पण चिमूटभर. ५० वाल्या चाचणीत समजा सरासरी फरक तोच १ मिमी निघाला, तर इंटरव्हल उणे ४.९ ते ६.९ येईल. म्हणजे औषध चांगलं कामाचं असू शकतं, निरुपयोगी असू शकतं किंवा अपायकारकही, ५० रुग्णांत ठरवता येत नाही. बातमी मात्र येते की औषध निष्प्रभ ठरलं.