बोजा तपासणी (पोर्तुगाल)

पोर्तुगालमध्ये जमीन विकत घेण्याआधी तिच्यावर गहाण, जप्ती, तहहयात उपभोगाचा हक्क, वाटेचा हक्क किंवा चालू दावा आहे का, याची करायची चौकशी. आपल्याकडे सातबारा उघडला की 'इतर हक्क' रकान्यात बोजा दिसतो. तिथे दोन वेगळी दप्तरे आहेत आणि नवख्याची गल्लत इथेच होते. करखात्याच्या 'कादेर्नेता प्रेदियाल'वर क्षेत्र, करपात्र मूल्य आणि कर भरणाऱ्याचे नाव असते. त्यावरून ना मालकी ठरते, ना बोजा कळतो. त्यासाठी 'रेजिश्तु प्रेदियाल', म्हणजे स्थावर नोंदणीचा दाखला पाहावा लागतो. विक्रेत्याकडून त्याचा संकेतांक घेतला की ताजी स्थिती ऑनलाइन दिसते.

१९८४ च्या नोंदणी संहितेनुसार आधी नोंदलेला हक्क नंतरच्या हक्कावर वरचढ ठरतो. इसार दिल्यावर आणि खरेदीखत होण्याआधी विक्रेत्याच्या सावकाराने जप्ती चढवली, तर खरेदीदार मागे पडतो. त्यामुळे खरेदीदाराच्या नावे तात्पुरती नोंद करून क्रम राखून ठेवण्याची सोय आहे. ती साधारणपणे सहा महिने टिकते.

दाखला कोरा निघाला म्हणून जमीन निर्वेध झाली, असे मात्र नाही. खरा घोर दाखल्याबाहेरच्या गोष्टींचा. दिवाणी संहितेच्या कलम १३८० नुसार ठरावीक किमान क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनींच्या लगतच्या मालकांना एकमेकांची जमीन आधी विकत घेण्याचा हक्क असतो. हा हक्क दाखल्यावर कुठेच लिहिलेला नसतो. लगतच्या मालकाला रीतसर न कळवता जमीन तिऱ्हाइताला विकली, तर व्यवहाराचा तपशील कळल्यापासून सहा महिन्यांत तो दावा लावून, किंमत कोर्टात भरून ती जमीन स्वतःकडे घेऊ शकतो. सामाईक मिळकतीत सहहिस्सेदारांनाही असाच हक्क आहे. चतुःसीमा बघताना बांधापलीकडे कोणाची जमीन आहे, हे विचारणे तिथे शिष्टाचाराचा भाग नाही, कायद्याचा आहे.

'इमी' या स्थावर कराच्या अलीकडच्या थकबाकीला त्या मिळकतीवरच अग्रहक्क असतो आणि तो नोंदीशिवाय नव्या मालकालाही बांधतो. राखीव कृषिक्षेत्र वा पर्यावरणक्षेत्रात येणाऱ्या जमिनीवर बांधकामाला कडक निर्बंध असतात. ते नोंदणीत शोधून उपयोग नाही, नगरपालिकेत विचारावे लागते. उत्तर व मध्य भागात पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तुकडे पडलेल्या पुष्कळ जमिनी तर नोंदणीतच नाहीत. तिथे वारसांची साखळी आधी जुळवावी लागते.

संपूर्ण विभक्त संपत्तीचा करार नसेल, तर विक्रीला जोडीदाराची संमती लागते. गोव्यातल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतील कौटुंबिक तरतुदी तिथे अजून लागू आहेत, आणि पोर्तुगीज काळातील नोंदणीचे 'डिस्क्रिप्शन' (मिळकतीचे वर्णन) व 'इन्स्क्रिप्शन' (हक्काची नोंद) दाखले आजही टायटल सर्चमध्ये, म्हणजे मालकीहक्काच्या तपासणीत, काढले जातात.

जमीन आधीच गहाण असेल, तर कर्जफेडीनंतर बँकेने दिलेले 'दिश्त्राति' हे गहाणमुक्तीचे संमतिपत्र सहीच्या वेळी हाती यावे लागते. त्याआधारे गहाणाची नोंद रद्द होईपर्यंत दाखल्यावर बोजा कायमच दिसतो.